ठिपके घेऊन जा गे मारबत

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते. कामठीत पावरलूमच्या खटखटाटात मी लहानाची मोठी झाले. आमच्या घरात मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागे. लग्न होऊन नागपुरात इतवारीच्या मागच्या गल्लीत आले तेव्हा शेजारच्यांना सुरुवातीला मी रोज भांडतेच आहे असं वाटायचं. त्यामुळे पुढे मी घाबरले, हसले, रडले असं जिथे जिथे येईल, तिथे ते मोठ्यानेच केलं असं धरून चाला.

गोष्ट तान्ह्या पोळ्याची आहे. पोळा बैलांचा आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा पोरांचा. लाकडाचा नंदी, पायाखाली चाकं, गळ्यात घुंगरमाळ, पुढे सुतळी. तो ओढत पोरं संध्याकाळी मैदानात जमतात, मग घरोघर जाऊन बोजारा गोळा करतात, म्हणजे चॉकलेटं, चिल्लर, एखाद्या उदार घरी पेढा. त्याच दिवशी सकाळी आमच्या भागातून मारबत निघते. कागदाबांबूची ती अवाढव्य बाई सगळ्या शहराची इडापिडा पदरात घेते आणि लोक काठ्या फिरवत तिला वाजतगाजत नेऊन जाळतात. सकाळी मारबत, संध्याकाळी तान्हा पोळा. आमच्या गल्लीत त्या दिवशी कुणाचा पाय जमिनीवर नसतो.

माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. आदल्या वर्षी भर मैदानात तिच्या नंदीचं चाक निखळलं होतं आणि बिचारीला नंदी काखेत मारून परत यावं लागलं होतं. तेव्हापासून ती वर्षभर दिवस मोजत होती. त्यात तिच्या आबाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सागवानाचा नंदी करून आणायचं कबूल केलं, आणि मग तर तिची झोपच उडाली.

मामाजी, सासऱ्यांना आम्ही मामाजीच म्हणतो, नरखेडकडच्या एका खेड्यात राहतात. संत्र्याची बाग आहे, विहिरीवर मोटर आहे. बैलजोडी होती तोवर पोळ्याला त्यांनी कधी गाव सोडलं नाही. पुढे ट्रॅक्टर आला, बैल गेले, आणि मामाजी पोळ्याला आमच्याकडे यायला लागले. कारण विचारलं तर म्हणाले, "तिथं कोणाचा पोया करू? ट्रॅक्टरले पुरनपोयी चारू काय?"

त्या वर्षी ते चार दिवस आधीच आले. एस.टी.तून उतरले ते पोत्यात गुंडाळलेला नंदी लेकरासारखा छातीशी धरून. पोरगी जिन्यातूनच किंचाळत खाली गेली. नंदी खरोखरच देखणा होता. वशिंड डौलदार, मान किंचित वळवलेली. चाकं तर अशी की दोन वर्षं बैलगाडीला लावली तरी हलणार नाहीत, असं मामाजींचं म्हणणं होतं. नवरा मिहानमध्ये विमानं दुरुस्त करतो. त्याने चाकं फिरवून पाहिली आणि 'ठीक आहेत' म्हणाला. त्याच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी तरी ऐकलेलं नाही.

मग आजोबा-नातीने हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरली आणि रंगकाम सुरू केलं. अंग पांढरं, शिंगं लालभडक ऑइलपेंटने, पाठीवर गेरूचे ठिपके. पोरगी मांडी घालून बसायची आणि उठेपर्यंत तिच्या फ्रॉकवर, कोपरावर, कानावर रंग असायचा. मी ओरडायची, आणि ते दोघं एकमेकांकडे बघून हसायचे.

यात एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी वाटलीच नव्हती. मामाजी यायच्या थोडं आधी पोरीला सर्दी-ताप येऊन गेला होता. गल्लीत तेव्हा घरोघर खोकला होता. नाक्यावरच्या डॉक्टरांनी 'व्हायरल आहे' म्हणून औषध दिलं, ताप उतरला, पोरगी शाळेत गेली, आम्ही विसरलो. रात गई, बात गई.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर ज्या खांद्यावर जू असतं, तिथे तूप आणि हळद पळसाच्या पानाने हळूहळू चोळायची आणि बैलाला जेवणाचं आवतण द्यायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या'. मामाजींनी पळसाची पानं गावाहूनच आणली होती. गॅसवर वाटीत तूप कोमट केलं आणि नंदीसमोर अगदी गंभीर तोंडाने बसले.

"इकडे ये वं माय," त्यांनी नातीला हाक मारली, "खांदा तू शेक, आवतन मी देतो."

पोरगी बेडरूममधून आली ती भिंत धरून. पाय दुखतात म्हणाली. दिवसभर गल्लीत नंदी ओढायचा सराव चालला होता, मी म्हटलं, दुखणारच.

"मंग आधी ह्या बैलाचे पाय शेकू," मामाजी म्हणाले, आणि नातीचे पाय मांडीवर घेऊन घोट्यांना तूप-हळद चोळू लागले. ती गुदगुल्यांनी खिदळत होती, मध्येच 'आई गं' करत होती. थोड्या वेळाने मामाजींचा हात थांबला. नडगीवर, पोटरीवर लालजांभळे ठिपके होते. शिंगांना दिलेल्या रंगाचेच जणू शिंतोडे.

"रंग सांडून घेतला वाटते," ते म्हणाले आणि तुपाच्याच बोटाने घासू लागले. निघेना. माझ्याकडून खोबरेल तेल मागितलं. मी बाटली देताना पोरीलाच झापलं, नवीन फ्रॉक, नवीन नंदी, आणि पाय बघा. मामाजी घासत राहिले. तेलाने ऑइलपेंट सुटतो हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. हा सुटत नव्हता.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "हा रंग निंगत काहून नाही वं?"

मी वाकून पाहिलं. ठिपके कातडीवर नव्हते, कातडीच्या आत होते. बोट फिरवलं तर किंचित उंचवटे लागत होते. फ्रॉक वर केला तर मांड्यांच्या मागेही, आणि तिथे रंग उडायचं काही कारणच नव्हतं. दोन्ही घोटे फुगले होते. मी अशी ओरडले की वरच्या मजल्यावरच्या काकू जिना उतरून आल्या.

नवरा शिफ्टला होता. मी स्कूटर काढली. मध्ये पोरगी, मागे मामाजी, हात हळदीने पिवळेधमक. पोरीने नंदी सोडायला साफ नकार दिला, त्यामुळे तोही मामाजींच्या काखेत. धंतोलीतल्या बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात आमची ही वरात शिरली, तेव्हा बाकावरचे सगळे आईबाप आपापली दुखणी विसरून आमच्याकडे बघत राहिले.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. टेबलावरचा काचेचा ग्लास उचलून त्यांनी ठिपक्यांवर दाबला आणि काचेतून पाहिलं. मलाही बघायला लावलं. साधं पुरळ दाबलं की फिकं होतं, हे झालं नाही. मग त्यांनी पोट चाचपलं, पोट दुखतं का, शी-शूचा रंग बदललाय का, असं बरंच काही विचारलं आणि शेवटी म्हणाल्या, "गेल्या काही आठवड्यांत सर्दी, ताप काही?"

मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली, जणू याच उत्तराची वाट पाहत होत्या.

रक्त आणि लघवी तपासून झाल्यावर त्यांनी नाव सांगितलं, आयजीए व्हॅस्क्युलायटिस. म्हणजे अंगातल्या बारीक रक्तवाहिन्यांना सूज. त्यातून थोडं रक्त झिरपतं, तेच हे ठिपके. सांधे दुखतात, कधी पोट दुखतं. बहुतेक मुलं आपोआप बरी होतात.

"पण ती सर्दी तर केव्हाच गेली," मी म्हटलं.

"सर्दी गेली. तिच्याशी लढायला शरीराने जी फौज उठवली होती, ती अजून शांत झालेली नाही. आता ती स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर हात उचलतेय. अर्थात, त्या सर्दीमुळेच झालं असं छातीठोकपणे मी सांगणार नाही, कुणीच सांगू शकत नाही. पण अशा बऱ्याच मुलांना आधी सर्दी-खोकला होऊन गेलेला असतो. कदाचित तिथेच काडी पडते."

मामाजी इतका वेळ कोपऱ्यात नंदी धरून उभे होते. ते म्हणाले, "म्हंजे मॅडम, मारबत जयून गेली, पन पोट्टे काही घरी जाऊन नाही राहिले. अजून रस्त्यात काठ्या फिरवून राहिले. जो भेटला त्याले देते एक."

डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या, मग मनापासून हसल्या. "हे मी आता सगळ्यांना असंच सांगणार," म्हणाल्या.

मला त्या क्षणी फक्त भीती वाटायला हवी होती. वाटत होतीच. पण खरं सांगते, भीतीच्या खांद्याला खांदा लावून एक वेगळीच झिणझिणी अंगातून गेली. केवढी विलक्षण गोष्ट आहे ही. नाकातून आलेला, डोळ्याला न दिसणारा एक पाहुणा दोन दिवस राहून निघून जातो, आणि तो गेल्यावर घरातली माणसं एकमेकांशी भांडतात. आम्ही 'व्हायरल आहे' म्हणून ज्याला हातावेगळं करतो, त्याच्यामागे एवढं रामायण असू शकतं. मी प्रश्नांवर प्रश्न विचारले. माझ्या आवाजाने बाहेरचं एक बाळ रडायला लागलं, तेव्हा कुठे थांबले.

मग बाईंनी सगळ्यात महत्त्वाचं ते सांगितलं. ठिपके जातील, घोटे उतरतील. त्याची काळजी करू नका. लक्ष ठेवायचं ते किडनीवर. काही मुलांत ही सूज तिथे पोचते आणि वरून काहीच कळत नाही, लघवीतूनच कळतं. म्हणून लघवी तपासत राहायचं, सुरुवातीला दर आठवड्याला, मग महिन्याने. ठिपके परत आले तर लगेच यायचं. "पुढचा पोळा नीट गेला," त्या म्हणाल्या, "की आपण सुटलो म्हणू."

निघताना त्यांचं लक्ष पोरीच्या पिवळ्या घोट्यांकडे गेलं. मामाजींनी हात पाठीमागे लपवले. बाई म्हणाल्या, "चोळलं हे बरं झालं नाही, पुन्हा चोळू नका. पण चोळायला बसलात म्हणून दिसलं तरी."

 पोरीचा एकच प्रश्न होता, "मी परवा नंदी ओढू शकते?"

"ओढायचं नाही. पळायचं नाही. बसायचं."

तिने तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच मला कळलं की आवाजाच्या बाबतीत ती कुणावर गेली आहे. धंतोलीपासून इतवारीपर्यंत सगळ्या चौकांनी ते ऐकलं.

पोळा तिने पलंगावर काढला. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मात्र ताशे ऐकू आल्यावर तिला कोण आवरणार. नवऱ्याने तिला उचलून गल्लीच्या तोंडाशी खुर्चीवर बसवलं, पाय समोर स्टुलावर. मारबत येत होती. पुढे पोरांची झुंबड, गुलाल, ढोल, आणि दर चार पावलांवर आरोळी, 'इडापिडा घेऊन जा गे मारबत', 'खासी-खोकला घेऊन जा गे मारबत'. लोक आपापलं दुखणं त्यात टाकत होते, कुणी महागाई, कुणी रस्त्यातले खड्डे. मला वाटलं, खोकला नेलास बाई, पण मागे ठेवलंस ते?

मारबत अगदी समोर आली आणि माझी मुलगी खुर्चीत ताठ बसून जिवाच्या आकांताने ओरडली, "माह्या पायाचे ठिपके घेऊन जा गे मारबत!"

पुढची पोरं थबकली. त्यांनी तिचे पाय पाहिले. एकाने काठी उंचावली आणि तेच ओरडला, मग दहाजण ओरडले, मग सगळी गल्ली. 'ठिपके घेऊन जा गे मारबत'. ताशाने तो ठेका उचलला. कसले ठिपके, कुणाचे ठिपके, मागच्यांना काही पत्ता नव्हता, पण आरोळी पार पुढच्या चौकापर्यंत गेली. मी रडत होते आणि ओरडतही होते. माझा आवाज त्यात वेगळा ऐकू आला नाही, असं आयुष्यात एकदाच झालं.

संध्याकाळी मामाजी कुठूनतरी संत्र्यांचा ठेला मागून घेऊन आले. त्यावर गादी टाकली, पोरीला नऊवारी नेसवून बसवलं, तिच्यापुढे नंदी ठेवला. आणि मग या माणसाने काय करावं? नंदीच्या गळ्यातली घुंगरमाळ काढली, स्वतःच्या गळ्यात घातली, माझी जुनी जरीची साडी झुलीसारखी पाठीवर टाकली, ठेल्याला दोर बांधला आणि तो खांद्यावर घेतला.

"मामाजी, लोक काय म्हणतील," मी म्हटलं.

"म्हनतीन, बैल म्हातारा हाय पन दमदार हाय," ते म्हणाले आणि निघाले.

मैदानात आमचीच चर्चा. बक्षीस मात्र मिळालं नाही. ते मोटर लावून मान हलवणाऱ्या एका नंदीने नेलं. पोरीला त्याचं काही नव्हतं. बोजारा मागायला तिला कुणाच्या दारी जावं लागलं नाही, लोकच ठेल्यापाशी येऊन देत होते, आणि ती मोठ्या सरकारासारखी मान डोलवून घेत होती. घरी आल्यावर पाहिलं तर मामाजींच्या खांद्यावर दोराचा लालभडक वळ उठला होता. मी मलम घेऊन गेले, तर म्हणाले, "नोको, राहू दे. खांद्याले वळ नाही तर मंग बैल कशाचा?"

पुढचं वर्ष लघवीच्या बाटलीभोवती फिरलं. काचेचा एक ग्लास मी वेगळा काढून ठेवला, रोज संध्याकाळी नडग्यांवर दाबून बघायला. पाहुण्यांना त्यातून कधी पाणी दिलं नाही. घोटे लवकरच उतरले, ठिपके तपकिरी होऊन विरले. मी शिंकणाऱ्याची शत्रू झाले. नवरा एकदा खोकत घरी आला तर त्याला मी आठवडाभर हॉलमध्ये झोपवलं. त्याने चकार शब्द काढला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवते. तरी हिवाळ्यात पोरीला सर्दी झालीच, आणि सर्दी उतरल्यावर ठिपके परत आले. त्या वेळी लघवीत थोडं प्रोटीन निघालं. थोडं, म्हणजे वाट बघण्याइतकं. मी महिनाभर देवाशी, डॉक्टरांशी आणि भाजीवाल्याशी सारख्याच चढ्या आवाजात बोलले. पुढच्या तपासणीत ते नव्हतं. त्याच्या पुढच्याही. बाई म्हणाल्या, चांगलं चाललंय, पण अजून सुटलो म्हणू नका.

आणि यंदा, श्रावणात, पोळा तोंडावर आलेला असताना पोरीला पुन्हा सर्दी झाली. पुन्हा ताप, पुन्हा तेच 'व्हायरल आहे'. ताप उतरला. आता वाट बघायची होती ती ताप गेल्यानंतरची. मी ग्लास घेऊन तिच्या मागे मागे. शेवटी ती म्हणाली, "आई, माझ्या पायांना कंटाळा आला तुझा."

मामाजी आले. खांदे शेकायच्या दिवशी सकाळी मी बाटली देऊन आले आणि संध्याकाळी धंतोलीत बाईंसमोर बसले. त्यांनी कागद पाहिला, पोरीचे पाय पाहिले, ग्लास मात्र उचललाच नाही. दाबून बघायला ठिपकाच नव्हता. "सुटलो म्हणायला हरकत नाही," म्हणाल्या. मी किती मोठ्याने 'काय' म्हटलं ते तिथल्या कंपाउंडरला विचारा.

घरी आलो तर गॅसवर तूप कोमट झालं होतं. हळद, पळसाची पानं, नंदी, सगळं मांडून मामाजी आमची वाट बघत दाराकडे तोंड करून बसले होते. मी नुसती 'सुटलो' अशी मान डोलावली.  त्यांनी डोळ्याला उपरणं लावलं आणि नातीला म्हणाले, "चाल वं माय, शेक खांदा आपल्या बैलाचा."

तिने पळसाचं पान वाटीत बुडवलं, नंदीला ओलांडून गेली आणि त्यांच्या मागे जाऊन बसली. सदऱ्याचा गळा खाली ओढला, आणि गेल्या वर्षी जिथे दोराचा वळ उठला होता, त्या खांद्यावर तूप-हळद चोळायला लागली. हळूहळू, त्यांनीच शिकवलं होतं तशी.

"आज आवतन घ्या," ती म्हणाली, "उद्या जेवाले या."

मामाजींनी मान खाली घातली. त्यांचे बैल खांदा शेकताना जसे उभे राहायचे, तसे ते बसून राहिले. 

मग गल्लीतून तिला कुणीतरी हाक मारली. तिने पिवळे हात फ्रॉकला पुसले, नंदी काखेत मारला आणि जिन्यावरून धाडधाड पळत खाली गेली. 'हळू' म्हणून ओरडायला मी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.